केसपेपरवरील ‘गाव’ : कर्करोगाच्या प्रादेशिक आकड्यांविषयी थोडेसे

वार्षिक अहवालात किती रुग्ण आले, किती शस्त्रक्रिया झाल्या, किती जणांना सवलतीत किंवा विनामूल्य उपचार देता आले, याचे तक्ते आम्ही दरवर्षी सादर करतो. देणगीदारांना हिशेब देणे हे आमचे कर्तव्यच आहे. परंतु हे तक्ते पाहून अनेक हितचिंतक एक प्रश्न विचारतात : “आपल्या भागात कर्करोग वाढतो आहे का?” या प्रश्नाचे उत्तर आमच्या तक्त्यांतून देता येत नाही, हे प्रथमच मान्य केलेले बरे. एखाद्या वर्षी तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण अधिक आले, तर त्या परिसरात आजार वाढला असेल. किंवा तालुक्याहून थेट एस.टी. सुरू झाली असेल. किंवा शासकीय योजनेच्या यादीत रुग्णालयाचे नाव आले म्हणून लोक येऊ लागले असतील. रुग्णालयाच्या दारात उभे राहून मोजलेली संख्या ही त्या दाराची संख्या असते. गावाची संख्या मोजायची तर गावातच जावे लागते.

हे काम लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी केंद्रे करतात. एका निश्चित भूभागात कायम राहणाऱ्या लोकांपैकी वर्षभरात कितींना नव्याने कर्करोग झाला, हे ती शोधून काढतात. त्यासाठी केंद्राचे कर्मचारी सरकारी व खासगी रुग्णालये, विकृतिशास्त्र प्रयोगशाळा आणि जन्ममृत्यू नोंदणी कार्यालये पालथी घालतात. भारतातील असे पहिले केंद्र इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये मुंबईत सुरू केले. डॉ. डी. जे. जस्सावाला यांचा त्यामागील पुढाकार सर्वश्रुत आहे. पुढे त्याच संस्थेने पुणे, औरंगाबाद आणि नागपूर येथेही नोंदणी सुरू केली. डिसेंबर १९८१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम हाती घेतला आणि देशभराचे आकडे एका पद्धतीने गोळा होऊ लागले.

हे आकडे वाचण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्यावी लागते. कर्करोग हा बहुतांशी उतारवयाचा आजार आहे. कोकणातील एखाद्या गावातून तरुण मंडळी चाकरीसाठी मुंबईस गेली, की मागे वडीलधारी माणसे उरतात. अशा गावात दर लाख लोकांमागे रुग्ण अधिक दिसणारच. त्यात त्या गावच्या हवापाण्याचा दोष असेलच असे नाही. म्हणून सर्व ठिकाणची वयोरचना एकसारखी धरून दर काढला जातो. त्यास वयसमायोजित दर म्हणतात. या लेखात पुढे येणारे दर अशा प्रकारचे, एक लाख लोकसंख्येमागील आणि एका वर्षाचे आहेत.

राष्ट्रीय कार्यक्रमाचा २०१२ ते २०१६ या काळाचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांमधील सर्वांत अधिक दर मिझोरममधील ऐझॉल जिल्ह्याचा होता, २६९.४. स्त्रियांमधील सर्वांत अधिक दर अरुणाचल प्रदेशातील पापुमपारे जिल्ह्याचा, २१९.८. दिल्लीत हेच दर पुरुषांत १४७.० आणि स्त्रियांत १४१.० होते. आणि देशातील सर्वांत कमी दर कोठे आढळला? आपल्याच मराठवाड्यात. उस्मानाबाद (आताचा धाराशिव) आणि बीड या जिल्ह्यांच्या केंद्रात पुरुषांचा दर ३९.५ आणि स्त्रियांचा ४९.४ होता. एकाच देशात, एकाच पद्धतीने मोजलेले हे आकडे. तरी पुरुषांच्या दरात जवळजवळ सातपट अंतर.

हे अंतर पाहून काही जण लगेच रक्ताचा, वंशाचा विचार करू लागतात. त्याला मोठा आधार नाही. जपानमधून हवाई बेटांवर जाऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांचा अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. जपानमध्ये जठराचा कर्करोग फार; परंतु हवाईत एकदोन पिढ्या गेल्यावर त्या कुटुंबांत तो कमी झाला आणि स्तनाचा व मोठ्या आतड्याचा कर्करोग वाढला. रक्त तेच होते, ताटातले पदार्थ आणि राहणी बदलली होती. मिझोरमचेही तसेच आहे. तेथे तंबाखूचे सेवन फार मोठ्या प्रमाणावर आहे. तंबाखूचा धूर पाण्यात उतरवून ते पाणी तोंडात धरण्याची ‘तुइबुर’ नावाची चालही आहे. धुरावर वाळवलेले मांस आणि आंबवलेली चरबी हे तेथील नित्याचे खाणे. जठराच्या कर्करोगाशी या सवयींचा संबंध अभ्यासकांना आढळला आहे. पित्ताशयाचा कर्करोग गंगेच्या खोऱ्यात अधिक आणि दक्षिणेत कमी, अन्ननलिकेचा काश्मीर व मेघालयात अधिक, अशीही विभागणी दिसते. प्रत्येकाच्या कारणांचा उलगडा पुरता झालेला आहे असे म्हणवत नाही.

आपल्याकडचा तोंडाचा कर्करोग मात्र कोडे नाही. आपल्या घराघरांत तंबाखू निरनिराळ्या रूपांत वावरते : पुरुषांच्या खिशात चुन्याची डबी, पानटपरीवर मावा, आणि आजीच्या हाताशी तव्यावर भाजलेली मशेरी. मशेरीला व्यसन म्हटलेले पुष्कळ बायकांना आवडत नाही. “दात घासायला लावते” असे त्या सांगतात, आणि दिवसातून चारपाच वेळा दात घासतात! २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के, तर धूररहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के आढळले. त्यामुळे आपल्याकडे फुप्फुसापेक्षा गाल, जीभ आणि हिरड्या यांवर या व्यसनाचा घाला अधिक पडावा, यात नवल नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. परंतु तंबाखूची सवय आणि गाठ यांत वीस-तीस वर्षे जाऊ शकतात. त्यामुळे बंदीचा परिणाम आकड्यांत दिसण्यास अवकाश आहे, आणि बंदी टपरीवर किती पाळली जाते हे वाचकांस आम्ही सांगावयास नको.

आता मराठवाड्याच्या त्या सर्वांत कमी आकड्याकडे पुन्हा वळू. तो वाचून समाधान मानावे काय?

काही अंशी मानण्यास हरकत नाही. लवकर झालेली बाळंतपणे, अधिक मुले, दीर्घकाळ अंगावर पाजणे, कमी स्थूलता, ही ग्रामीण स्त्रियांची परिस्थिती स्तनाच्या कर्करोगापासून काही प्रमाणात संरक्षण देते, हे जगभर आढळले आहे. शहरात या सर्व बाबी उलट होत जातात. पण दुसरीही शक्यता आहे. ज्या गावात दुखणे अंगावर काढण्याचीच रीत, जेथून तपासणीची सोय दूर, तेथे एखादी वृद्धा महिनोन्‌महिने रक्तस्राव सोसून घरीच मरण पावते, आणि मृत्यूच्या नोंदीत कारण लिहिले जाते ‘वार्धक्य’. निदानच झाले नाही तर नोंद होणार कशी? कमी आकडा आरोग्याचा असू शकतो, तसा उपेक्षेचाही. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

ही अडचण बार्शीने फार पूर्वी ओळखली होती. तेथे १९८७ मध्ये देशातील पहिले ग्रामीण कर्करोग नोंदणी केंद्र सुरू झाले. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि लगतच्या जिल्ह्यातील परांडा व भूम अशा तीन तालुक्यांतील ३४६ गावे त्यात होती. मुंबईची पद्धत येथे चालणार नव्हती, कारण रुग्णालयाच्या दप्तरात पाहावे तर गावकरी रुग्णालयात येतच नव्हते. म्हणून केंद्राचे कार्यकर्ते स्वतः गावोगाव जाऊ लागले. चावडीवर, शाळेत, बायकांच्या बैठकीत बसून ते विचारू लागले : कोणाच्या तोंडात न भरणारी जखम आहे का, कोणाला अंगावरून अवेळी जाते आहे का, कोणाला गाठ आहे का? ज्यांना अशी लक्षणे असतील त्यांना तपासणीसाठी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात आणण्याची खटपट त्यांनी केली.

यानंतर जे घडले ते आम्हांस फार महत्त्वाचे वाटते. मोजणीसाठी सुरू झालेल्या या फेऱ्यांमुळे गावांत आजाराविषयी बोलणे सुरू झाले. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत येऊ लागल्या, असे केंद्राच्याच नोंदींत दिसून आले. त्या वेळी गावांत कोणतेही नवे यंत्र आलेले नव्हते.

या पायावरच पुढे तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास उभा राहिला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया होत्या आणि गावांचे ५२ गट चार भागांत वाटलेले होते. एका भागातील स्त्रियांची एचपीव्ही या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली. एका भागात प्रचलित व्यवस्थेपलीकडे तपासणी नव्हती. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. तपासणी झालेल्या सुमारे ३४ हजार स्त्रियांत या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, तर तपासणी न झालेल्या सुमारे साडेएकतीस हजारांत ६४. आयुष्यातील एका तपासणीचे हे फळ आज जगभर उद्धृत केले जाते. ज्या स्त्रियांना तपासणी मिळाली नाही त्यांचे काय, असा नैतिक प्रश्नही त्यावर विचारला गेला, आणि तो गैरवाजवी नव्हता. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने झोपडपट्ट्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांत केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी केवळ सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी केली; तेथेही या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

काळानुसार दिसणारे बदलही येथे सांगितले पाहिजेत. मुंबईच्या नोंदींत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा दर कित्येक दशके उतरतो आहे आणि स्तनाच्या कर्करोगाचा चढतो आहे. पहिला बार्शीतही उतरला आहे. या उताराचे श्रेय वैद्यकाने फारसे घेऊ नये. सार्वत्रिक तपासणी सुरू होण्याच्या पुष्कळ आधीपासून तो उतार आहे. मुलींचे लग्नाचे वय वाढले, बाळंतपणे कमी झाली, नळाचे पाणी व न्हाणीघर घरात आले, मुली शिकल्या. हे त्यामागे असावे. मात्र लग्न व मातृत्व पुढे जाणे, मुले कमी होणे या ज्या गोष्टींनी एक आजार मागे हटला, त्याच दुसऱ्यास पुढे येऊ देतात. म्हणून ज्या तालुक्यांत आज स्तनाचा कर्करोग विरळा आहे, तेथे तो उद्याही विरळा राहील असे आम्ही धरून चालत नाही. दिलासा एवढाच, की मुंबईतील वीस वर्षांच्या अभ्यासात आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या केवळ हाताच्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांत या आजाराचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत असा लाभ दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

या साऱ्यात आमच्यासारख्या रुग्णालयाचा वाटा एका रकान्याएवढा आहे. परंतु तो रकाना आम्ही नीट भरलेला नाही, हे येथे प्रांजळपणे सांगतो. नोंदणीच्या नियमानुसार रुग्ण ज्या भागात किमान एक वर्ष राहत आहे, त्या भागात त्याची गणना होते. आमचे जुने केसपेपर चाळताना असे आढळले, की ‘पत्ता’ या ठिकाणी बऱ्याच वेळा शहरातील मुलाचा, जावयाचा किंवा भाच्याचा पत्ता लिहिलेला आहे. यात कुटुंबीयांचा दोष नाही. रिपोर्ट कोठे पाठवायचा, निरोप कोणाला द्यायचा, या विचाराने ते तो देतात, आणि आमच्या खिडकीवरील कर्मचारीही अधिक विचारत नसे. परिणाम असा, की आयुष्यभर गावी राहिलेली आई कागदोपत्री शहरवासी होते. शहराच्या आकड्यात एकाची भर पडते, गावाच्या आकड्यातून एक वजा होतो. आणि पुढे तपासणी शिबिर कोठे घ्यावे हे ठरवण्याची वेळ आली, की ते गाव ‘तेथे रुग्ण नाहीत’ म्हणून यादीतून वगळले जाते.

म्हणून केसपेपरचे पहिले पान आम्ही बदलले आहे. संपर्काचा पत्ता आणि राहते गाव असे आता दोन रकाने आहेत. राहत्या गावासोबत तालुका, जिल्हा आणि तेथे किती वर्षे वास्तव्य आहे, हेही विचारले जाते. तंबाखू, मशेरी, मावा, विडी यांची नावे घेऊन स्वतंत्र प्रश्न आहेत, कारण “व्यसन आहे का?” या प्रश्नाला घरच्यांसमोर बहुतेकांचे उत्तर “नाही” असेच येते. हे प्रश्न समाजसेविका रुग्णाला बाजूला बसवून विचारते. उत्तर काहीही असले तरी उपचारांत वा सवलतीत त्यामुळे फरक पडत नाही, याची रुग्णांच्या नातेवाइकांनी खात्री बाळगावी.

जुन्या केसपेपरांवरील पत्त्यांची दुरुस्ती अद्याप व्हावयाची आहे. ज्या कुटुंबांचे रुग्ण पूर्वी आमच्याकडे उपचार घेऊन गेले, किंवा आज हयात नाहीत, त्यांनी रुग्णाचे राहते गाव आणि तेथील वास्तव्याची वर्षे नोंदणी विभागास कळवावीत. पोस्टकार्डही चालेल.