बारा दिवस, बारा राज्ये

सायकल हे साध्या माणसाचे वाहन. दूधवाला तिला किटल्या अडकवतो, पोस्टमन तिच्यावरून पत्रे वाटतो आणि शाळेला उशीर झालेला मुलगा तिच्यावर उभा राहून पाय मारतो. बालाघाटाच्या परिसरात, कंधारसारख्या गावी राहणाऱ्यास चढ म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. मोठा चढ आला की शहाणा माणूस खाली उतरतो व सायकल हाताने ढकलीत नेतो. परंतु चढ आला म्हणून खाली न उतरणारी माणसेही असतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांच्या आधी चढून जाणाऱ्या स्वारास ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो आणि त्याचे कौतुक शर्यत जिंकणाऱ्याहून फारसे कमी होत नाही.

बोरघाट काही किलोमीटरांत संपतो. अमेरिकेत मात्र अशी एक शर्यत भरते की, जिच्यात एक पर्वत ओलांडला म्हणजे पुढे दुसरा उभा असतो. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’, म्हणजे अमेरिकेच्या आरपार शर्यत, असे तिचे नाव. १९८२ साली ती प्रथम झाली, तेव्हा अवघे चार स्वार होते. त्यांतील लॉन हॉल्डमन हा पश्चिम किनाऱ्यावरून निघून सुमारे दहा दिवसांत न्यूयॉर्कला पोहोचला व पहिला आला. पुढे मार्ग बदलत गेला. २०१७ साली ही शर्यत पॅसिफिक महासागराच्या काठी असलेल्या ओशनसाइड गावातून निघाली आणि बारा राज्ये ओलांडून पूर्वेकडील अ‍ॅनापोलिस या गावी संपली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. आणि एकट्या पुरुष स्वाराला मुदत बारा दिवसांची!

फ्रान्समधील प्रसिद्ध शर्यतीत स्वार दिवसा धावतात व रात्री निजतात. येथे तसे नाही. एकदा घड्याळ सुरू झाले की ते शेवटपर्यंत थांबत नाही. स्वाराने झोपावे, जेवावे, आजारी पडावे. वेळ मात्र मोजला जातच असतो. कंधारच्या एखाद्या मुलाने याचा हिशेब करून पाहावा. कंधारहून नांदेड सुमारे पन्नास किलोमीटर. नांदेडला जाऊन परत यावे, अशा रोज चार फेऱ्या कराव्यात, आणि असे ओळीने बारा दिवस करावे, म्हणजे ही शर्यत मुदतीत पुरी होईल. ताशी वीस किलोमीटरांचा वेग धरला, तरी रोज वीस तास सायकलवर जातात. उरलेल्या चार तासांत खाणे, अंग धुणे, दुखऱ्या पायांवर उपचार आणि झोप!

वाटही सरळ नाही. किनाऱ्यावरची गार हवा संपते न संपते तोच वाळवंट लागते. तेथे जूनच्या उन्हात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. मग रॉकी पर्वत. त्यातील वुल्फ क्रीक ही खिंड सुमारे ३,३०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या शिखराहून दुप्पट उंच. तेथे हवा विरळ होते व श्वास पुरत नाही. त्यानंतर कॅन्सस राज्यातील अफाट मैदान येते. तेथे चढ नाही, म्हणून हायसे वाटावे, तर तोंडावर वारा येतो, आणि तो अडवायला झाड नसते. शेवटी अ‍ॅपलेशियन पर्वत. तो रॉकीइतका उंच नाही, पण त्याचे चढ आखूड व उभे, एकामागून एक येणारे. आणि ते येतात तेव्हा स्वाराच्या अंगात त्राण उरलेले नसते. साऱ्या वाटेवरील चढांची बेरीज केली तर ती एव्हरेस्टच्या उंचीच्या जवळजवळ सहापट भरते.

तरीही या शर्यतीतील खरा शत्रू पर्वत नव्हे, झोप होय. पर्वत समोर दिसतो, झोप दिसत नाही. ती मागून येते. चार-पाच दिवस जेमतेम दोन-दोन तासांच्या निद्रेवर काढले की स्वारांना भास होऊ लागतात, नसलेली माणसे दिसू लागतात, आपण येथे कशासाठी आलो याचाच कित्येकांना विसर पडतो. मानेचे स्नायू असे थकतात की डोके उचलून समोर पाहणेही अशक्य होते. मायकेल शर्मर नावाच्या स्वारास १९८३ साली हा विकार जडला. तेव्हापासून तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. कीर्ती मिळवण्याचा हा काही सुखाचा मार्ग म्हणता येणार नाही.

म्हणून स्वाराबरोबर सोबत्यांचे एक पथक असते. रात्री त्याच्या मागे मोटार चालते आणि तिच्या दिव्यांच्या उजेडातच त्याने सायकल चालवावी असा नियम आहे. केव्हा खावे, किती पाणी प्यावे, कोठे वळावे, केव्हा निजावे व केव्हा उठावे, हे सारे ते सोबतीच ठरवतात. नाव एकट्याचे होत असले, तरी त्याच्या जागेपणी जागणारे आणि तो निजला असता घड्याळाकडे डोळे लावून बसणारे हे लोक नसतील, तर पहिला पर्वतही ओलांडून होणार नाही.

या शर्यतीत महाराष्ट्राचे नाव प्रथम नाशिकच्या दोघा भावांनी नेले. डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ साली दोघांच्या संघात भाग घेतला आणि आळीपाळीने सायकल चालवून नऊ दिवसांच्या आत ती पुरी केली. एकट्याने हे अंतर तोडणारा भारतीय मात्र अजून व्हावयाचा होता. लष्करातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ यांनी २०१६ साली प्रयत्न केला. तो पुरा झाला नाही. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले. त्याच वर्षी नागपूरचे डॉ. अमित समर्थ हेही प्रथमच उतरले. दोघेही वैद्यकशास्त्र जाणणारे. निद्रेवाचून देहाची काय गत होते, हे त्यांना इतरांपेक्षा अधिक ठाऊक असणार. आणि ठाऊक असूनही तो देह त्यांना पुढे न्यावयाचा होता.

गोकुलनाथ ११ दिवस, १८ तास व ४५ मिनिटांत अ‍ॅनापोलिसला पोहोचले. ही शर्यत एकट्याने पुरी करणारे ते पहिले भारतीय ठरले. समर्थ यांना लागले ११ दिवस, २१ तास आणि ११ मिनिटे. मुदत संपावयास तेव्हा तीन तासही उरले नव्हते. वाटेत कोठे एक झोप थोडी लांबली असती, तरी सारे श्रम वाया गेले असते.

पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये, समर्थ रशियात गेले आणि मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंतची सुमारे ९,१०० किलोमीटरांची शर्यत त्यांनी पुरी केली. अंतर जवळजवळ दुप्पट खरे. परंतु ती शर्यत पंधरा टप्प्यांत विभागलेली होती, आणि एक टप्पा संपल्यावर दुसरा सुरू होईपर्यंत निजावयास सवड होती.