कोच लाव, पण आधी माझं ऐक

हे बघ, तुला एडीएचडीचा कोच लावायचाय ना, जरूर लाव. फक्त पैसे भरण्याआधी एक लक्षात घे. आपल्याकडे कुणीही स्वतःला कोच म्हणवू शकतं, त्याला परवाना लागत नाही. सायकिअ‍ॅट्रिस्टची नोंदणी वैद्यकीय परिषदेकडे असते, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे. निदान त्यांच्याकडूनच करून घे. रील बघून ‘अगं, ही तर मीच!’ असं वाटणं म्हणजे निदान नव्हे. थायरॉइड, अपुरी झोप, चिंता, नैराश्य यांनीही लक्ष उडतं, ते आधी तपासावं लागतं. डॉक्टर तुझ्या लहानपणाबद्दल विचारतील, कारण काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीच दिसलेली असावी लागतात. आईशी बोलून ठेव, आणि शाळेची प्रगतिपुस्तकं सापडली तर घेऊन जा. बाईंचे शेरे तिथे फार उपयोगी पडतात.

मुलींचा एडीएचडी बऱ्याचदा उशिरा कळतो गं. वर्गभर हुंदडणारा मुलगा लगेच नजरेत येतो, खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी येत नाही. तिला सगळे धांदरट म्हणतात, आणि मग तीही स्वतःला तेच म्हणायला लागते. तू हे इतकी वर्षं ऐकलंस, याचं मला फार वाईट वाटतं.

रसेल बार्कली हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत आलेत की, काय करायचं हे एडीएचडी असलेल्या माणसांना माहीत असतं. अडतं ते त्या क्षणी करण्यापाशी. तुझं वीजबिलच घे. कागद फ्रिजवर लावलेला, मुदत परवाची, खात्यात पैसे, तरी बिल भरलं जात नाही. घरचे म्हणतील, आळस. चांगला कोच विचारेल, नेमकं कुठल्या पायरीवर थांबतेस? मग कळतं, अ‍ॅपचा पासवर्ड आठवत नाही. तो बदलायला ओटीपी, ओटीपीसाठी फोन हातात घेतला की व्हॉट्सअ‍ॅप, आणि तिथून तासभर गायब. मग इलाज सोपा होतो: बिल खात्यातून आपोआप कापलं जाईल अशी सोय एकदाच करायची, आणि ती करताना कुणाला तरी शेजारी बसवायचं.

असं शेजारी बसण्याचा बऱ्याच जणांना खरंच उपयोग होतो बरं का. मदत करायची नाही, सूचना द्यायच्या नाहीत, नुसतं असायचं. रविवारी सकाळी मला व्हिडिओ कॉल लाव. मी मेथी निवडेन, तू कपाटातले कागद लाव. गप्पा नंतर.

गोळ्यांचं तू आणि डॉक्टर ठरवा. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधावर कायद्याचे कडक निर्बंध आहेत, प्रत्येक केमिस्ट ते ठेवत नाही. म्हणून चालू झालंच तर संपायच्या बरंच आधी नवी चिठ्ठी घे. अ‍ॅटोमॉक्सेटिन वेगळ्या जातीचं औषध, त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. कोच गोळ्या बंद कर म्हणाला, तर त्याच दिवशी त्याच्याकडे जाणं थांबव.

पहिल्या भेटीत कोचला स्पष्ट विचार: एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसांबरोबर काम केलंय का? दोन भेटींच्या मध्ये मला आठवण कशी करून देणार? मी एखादा आठवडा काहीच केलं नाही तर काय कराल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐक. ओरडणारी माणसं तुला आयुष्यात पुष्कळ भेटलीत, आता पैसे देऊन आणखी एक नको.

खर्च झेपत नसेल तर कोच राहू दे, डॉक्टर मात्र टाळू नकोस. मोठ्या सरकारी रुग्णालयांत बहुधा मानसोपचार विभाग असतो. मन फारच खचलं तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलतात. तो आत्ताच फोनमध्ये सेव्ह कर.

आणि डॉक्टरांची वेळ शक्यतो गुरुवारची घे. मला सुट्टी असते, बरोबर येते.