पिल्लू उचलण्याआधी फोन उचला

मे महिना लागला की माझ्या फोनला उसंत नसते. न्यू जर्सीतल्या एका वन्यजीव उपचार केंद्रात मी स्वयंसेवक म्हणून जाते, हे आमच्या मराठी मंडळात एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालंय. त्यामुळे जे फोन केंद्राला जायला हवेत ते माझ्या मोबाइलवर येतात. सुरुवात बहुतेकांची सारखीच असते. "अगं, कॅनडा गूजचं पिल्लू सापडलंय. एकटंच आहे बिचारं. आई गाडीखाली गेली असावी."

यातले निम्मे फोन मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांचे असतात. सकाळी कॉम्प्लेक्समधल्या तळ्याभोवती फेरी मारताना त्यांना हे पिवळट, कापसासारखं पिल्लू दिसतं आणि जीव कळवळतो. त्यांचं नवल वाटायला नको. आपल्याकडे हिवाळ्यात भिगवणला, जायकवाडीला पट्टकादंब हे हंस येतात, पण ते लडाख-तिबेटकडे पिल्लं वाढवून मग खाली उतरतात. रानटी हंसाचं दोन दिवसांचं पिल्लू महाराष्ट्रात कुणी पाहिलेलंच नसतं. इथे मात्र ते ऑफिसच्या पार्किंगमध्येही भेटतं.

मी आधी एकच विचारते : "काकू, मेलेली आई डोळ्यांनी पाहिलीत, की अंदाज?" बहुतेक वेळा अंदाजच असतो. या पक्ष्यांत नर-मादी दोघंही पिल्लं राखतात. अंडी उबायला साधारण 28 दिवस लागतात. पिल्लं बाहेर आली की एखाद्या दिवसात घरटं सोडून आईबापांमागे चालू लागतात, पाण्यात उतरतात, स्वतःच गवत टोचू लागतात. या धावपळीत एखादं मागे पडतं. कुत्रा भुंकतो, सायकल जाते, कुटुंब तळ्याच्या पलीकडे निघून जातं आणि हे अलीकडे ओरडत राहतं. ते ओरडणं आईबापांना परत बोलावण्यासाठी असतं. आपण दहा फुटांवर मोबाइल घेऊन उभे राहिलो तर ते येणार कसे? म्हणून लांब व्हायचं, अगदी घरात जाऊन खिडकीतून बघायचं. तासभर तरी द्यायचा. त्या वेळात तळ्याची पूर्ण फेरी मारून तेवढ्याच आकाराची पिल्लं असलेलं कुटुंब आसपास आहे का ते पाहायचं. बरीचशी 'अनाथ' पिल्लं इथेच मार्गी लागतात.

काही मात्र खरोखर अनाथ असतात. आई रस्त्यावर मेलेली दिसते, पिल्लू थंड पडलेलं असतं, डोळे मिटून बसतं, रक्त असतं, किंवा तास-दोन तास कुणीही फिरकत नाही. मांजराने तोंडात धरलेलं पिल्लू वरून धड दिसलं तरी त्याला औषध लागतंच, तिथे वाट पाहायची नाही. आणि नेमकी इथेच आपली माणसं एक गोष्ट करतात, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

एका ओळखीच्या घरातून जूनच्या अखेरीस रात्री उशिरा फोन आला. "ताई, कुणाला नाव सांगू नका हं." मुलाला शाळेच्या मैदानाजवळ पिल्लू सापडलं होतं. पहिल्या दिवशी ते डेकवर खोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी वडिलांनी इंटरनेटवर शोधलं, 15,000 डॉलर दंड आणि सहा महिने कैद असं वाचलं, आणि ग्रीन कार्डचा अर्ज पडून असलेल्या माणसाने जे केलं असतं तेच केलं. खोकं गॅरेजमध्ये गेलं, शटर खाली आलं. पिल्लाचं नाव बंड्या. बंड्याला ब्रेड मिळाला, भात मिळाला, पोळी दुधात कुस्करून मिळाली, मांजराचं खाणं मिळालं. प्रेमात कसूर नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात मी गेले तेव्हा गॅरेजचं दार उघडताच तो माझ्या बुटांकडे पळत आला. दोन्ही पंखांचा शेवटचा सांधा बाहेर वळला होता. नव्या पिसांच्या निळसर नळ्या अंगालगत न राहता आडव्या बाहेर आलेल्या. याला इथे 'एंजल विंग' म्हणतात. नाव गोड आहे, दुखणं नाही. खाणं भारी आणि चरणं-फिरणं कमी असलं की वाढ वेगाने होते, रक्ताने भरलेल्या पिसांचं ओझं कोवळ्या मनगटाला पेलत नाही आणि सांधा पिळला जातो. हाडं मऊ असताना काही दिवस पट्टी बांधली तर पंख बसतो, हाडं घट्ट झाली की नाही. बंड्याचा एक पंख बसला, दुसरा बसला नाही. केंद्रात त्याला त्याच्याच वयाच्या पिल्लांत सोडलं तर ती सगळी गवतावर आणि हा जाळीला चोच लावून आमच्याकडे बघत उभा. न उडणारा आणि माणसालाच आपलं मानणारा पक्षी तळ्यावर सोडता येत नाही. केंद्रालाही तो कायमचा ठेवता येत नाही. केंद्रीय नियमानुसार उपचारासाठी घेतलेला पक्षी 180 दिवसांपलीकडे ठेवायचा तर वेगळी परवानगी लागते, आणि शैक्षणिक संस्थेत जागा मिळाली नाही तर त्याला वेदना न होता मारतात. बंड्याचं तेच झालं.

आता त्या 15,000 डॉलरबद्दल. आकडा खरा आहे. 1916 मध्ये अमेरिकेने ब्रिटनशी, म्हणजे कॅनडाच्या वतीने, करार केला आणि त्यावरून 1918 चा 'मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अॅक्ट' आला. त्या काळी बायकांच्या टोप्यांत खोवायच्या पिसांसाठी आणि बाजारात मांस विकण्यासाठी पक्ष्यांचे थवेच्या थवे संपवले जात होते. आज त्या कायद्याच्या यादीत हजाराहून अधिक जाती आहेत. परवान्याशिवाय जिवंत पक्षी, मेलेला पक्षी, अंडं, घरटं, यांतलं काहीच बाळगता येत नाही. "आम्ही पाळत नाही, सांभाळतोय" हा भेद कायदा मानत नाही.

पण त्याच नियमावलीत एक दार ठेवलेलं आहे आणि घाबरलेला माणूस तिथवर वाचतच नाही. जखमी, आजारी किंवा अनाथ पक्षी सापडला तर कुणीही तो परवान्याशिवाय हातात घेऊ शकतो, अट एवढीच की लगेच परवानाधारक उपचारकाकडे पोचवण्यासाठी. 'लगेच' यावर सगळी भिस्त. पहिल्या दिवशी खोकं घेऊन केंद्राच्या दारात उभं राहणं कायद्यातच बसतं. तिसऱ्या आठवड्यातलं गॅरेज बसत नाही. व्हिसाची, ग्रीन कार्डची धास्ती मी समजू शकते, पण त्या धास्तीचं उत्तर गाडीत बसून केंद्र गाठणं हेच आहे. शटर ओढल्याने गुन्हा लपत नाही, वाढतो, आणि पंखही वाकडे होतात. उशीर होऊन गेला असला तरी आणून द्या. आमच्या केंद्रात दारात आलेल्या माणसाला फक्त दोन प्रश्न विचारतात : कुठे सापडलं आणि काय खायला घातलं. दुसऱ्याचं उत्तर खरं द्या, उपचार त्यावर ठरतो.

यावर हटकून एक प्रतिप्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. आमच्याच सोसायटीने मार्चमध्ये माणसं बोलावून या गूजच्या अंड्यांना मक्याचं तेल फासलं, ते चालतं, आणि एक पिल्लू जगवलं तर गुन्हा? हो, आज तसंच आहे. इथल्या तळ्यांवरचे बरेच गूज स्थलांतर करतच नाहीत. 1935 पर्यंत शिकारी जिवंत गूज आमिष म्हणून पाळत. त्यावर बंदी आल्यावर ते कळप सुटले. पुढे वन्यजीव खात्यांनीही मोठ्या उपजातीचे गूज मुद्दाम वाढवून सोडले. ही उपजात संपली असं मानलं जात होतं, 1962 मध्ये ती मिनेसोटात पुन्हा सापडेपर्यंत. त्यांची आजची संतती हिरवळीवर बारमाही राहते आणि घाण करते. म्हणून जागेच्या मालकाला केंद्रीय खात्याकडे नोंदणी करून 1 मार्च ते 30 जून या काळात अंडी निकामी करता येतात. तेलाने कवचाची छिद्रं बुजतात आणि आतली वाढ थांबते. त्याआधी अंडं पाण्यात टाकून बघायचं असतं. तरंगलं तर आत जीव बराच वाढलाय, ते तसंच ठेवायचं अशी शिफारस असते. मला यातला विरोधाभास खुपतो, पण तो सोसायटीच्या सभेत मांडायचा विषय आहे. पिल्लू अंड्यातून बाहेर आलं की त्याला ही सवलत लागू नाही, आणि आपल्या गॅरेजलाही नाही.

कायदा बाजूला ठेवला तरी पक्ष्याची गरजही तीच सांगते. ऑस्ट्रियाच्या कॉनराड लॉरेन्झ यांनी हंसाच्या पिल्लांवर दाखवून दिलं की अंड्यातून आल्यावर पहिल्या काही तासांत जे हलतं-बोलतं समोर दिसेल त्याच्यामागे ती जातात. 1973 च्या नोबेलमध्ये या कामाचा वाटा होता. म्हणून आमच्या केंद्रात पिल्लाशी बोलायला मनाई आहे. हे मला सगळ्यात अवघड गेलं, कारण लहान जीव दिसला की आपल्या तोंडून "कोण आलंय गं बाई" निघतंच. एकटं पिल्लू असेल तर पिंजऱ्यात आरसा ठेवतात, शक्य तितक्या लवकर दुसरी पिल्लं मिळवतात, आणि त्याहून बरं म्हणजे त्याच वयाची पिल्लं असलेल्या रानटी जोडप्याच्या कळपात सोडतात. गूज परकी पिल्लं सहसा सामावून घेतात. एकेका जोडप्यामागे वीस-पंचवीस पिल्लं चालताना दिसतात, ती सगळी त्यांची नसतात. पण हे जमतं ते पहिल्या एक-दोन आठवड्यांत. गॅरेजमध्ये नेमका तोच काळ गेला होता. मुलं 'फ्लाय अवे होम' हा चित्रपट पाहून विमानामागे उडणाऱ्या गूजची गोष्ट सांगतात. ती गोष्ट कॅनडाच्या बिल लिशमन यांच्यावरून घेतली आहे, आणि 1993 मध्ये त्यांनी ऑंटॅरिओहून व्हर्जिनियापर्यंत खरोखरच थवा नेला. पण त्यांच्याजवळ हलकं विमान होतं, शास्त्रज्ञांची साथ होती, वर्षांची तयारी होती.

खरंच उचलायची वेळ आली तर आधी फोन. गाडी काढण्याआधी फोन. 2022 पासून बर्ड फ्लूमुळे बरीच केंद्रं पाणपक्षी घेत नाहीत, आणि तासभर गाडी चालवून बंद दार बघण्यात पिल्लाचा वेळ जातो. 'अॅनिमल हेल्प नाऊ' या संकेतस्थळावर पिनकोड टाकला की जवळची केंद्रं कळतात, राज्याच्या वन्यजीव खात्याकडेही यादी असते. ही यादी एप्रिलमध्येच फोनमध्ये साठवून ठेवा. मग हातमोजे, मास्क, भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, तळाशी जुनं सुती फडकं. टर्किश टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नख अडकतं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवा, म्हणजे ऊब नको झाली तर पिल्लू बाजूला सरकू शकेल. झाकण लावून अंधार करा, गाडीत गाणी बंद. खायला काहीही नाही. दूध तर नाहीच, पक्ष्याला ते पचत नाही. बाथटबात पोहायलाही सोडू नका. आईच्या पोटाखाली मिळणारा तेलकटपणा त्याच्या लवेला नसतो, ते भिजून गारठतं आणि मरतं. परसात कोंबड्या किंवा घरात पोपट असेल तर खोकं तिथून लांब. गटाराच्या जाळीत पिल्लं पडली असतील तर स्वतः जाळी उचलू नका, पोलिसांच्या साध्या नंबरवर कळवा, त्यांच्यामार्फत पालिकेची माणसं येतात.

टोरांटोकडच्यांना वरचं जवळपास सगळं लागू आहे, त्यांचा कायदा त्याच करारावरचा आहे. लंडनच्या नातलगांनी जरा थांबावं. तिथे कॅनडा गूज हा बाहेरून आलेला पक्षी मानतात आणि परवान्याशिवाय तो रानात सोडणंच गुन्हा ठरतं, तेव्हा स्थानिक संस्थेला विचारल्याशिवाय काही करू नये.

आणि महाराष्ट्रात? पावसाळ्यात हळदी-कुंकू बदकाची, अडईची, टिटवीची पिल्लं सापडतातच. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 39 नुसार वन्य प्राणी सरकारी मालमत्ता असतो आणि तो हाती आल्यास 48 तासांत जवळच्या पोलिस ठाण्याला किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं लागतं. 2023 मध्ये उत्तर प्रदेशातल्या अमेठीत जखमी सारस बरा करून वर्षभर सोबत ठेवणाऱ्या तरुणाची बातमी सगळ्यांनी पाहिली. सारस शेवटी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात गेला आणि तरुणावर गुन्हा दाखल झाला. लोक हळहळले, मीही हळहळले, पण माझं लक्ष त्या वर्षाकडे गेलं. महाराष्ट्र वन विभागाचा मदत क्रमांक 1926 आहे. तो पहिल्याच दिवशी फिरवा.

खोकं देऊन झाल्यावर जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, "अधूनमधून भेटायला आलो तर चालेल ना?" नाही चालत. पावतीवर केस नंबर असतो, तो सांगून महिन्याभराने चौकशी करा. सोडलं असेल तर सोडलं म्हणून सांगतात, कुठे ते मात्र नाही.