मोठ्या बोहाड्याआधी कार्डं रिकामी करा

जव्हार-मोखाड्यात लग्नं, तारपा, बोहाडा यांचं चित्रीकरण करून माझं पोट चालतं. या धंद्यात सगळे कॅमेऱ्याबद्दल विचारतात, कार्डाबद्दल कोणी विचारत नाही. पण कार्ड कधी पुसायचं, किती घाईने पुसायचं आणि त्याआधी काय राखायचं, यावर निम्मं काम अवलंबून असतं. नव्याने या कामात उतरणाऱ्या पोरांसाठी सहा गोष्टी लिहितो.

1. मैदानात पुसायचं नाही.

मोठ्या बोहाड्याला रात्रभर सोंगं निघतात. एकदा संबळ-पिपाणी सुरू झाली की एक सोंग आत जातं न जातं तोच दुसरं समोर येतं, आणि देवीचं सोंग यायला पहाट होते. 4के चित्रण 100 एमबीपीएसने केलं तर 64 जीबीचं कार्ड जेमतेम 85 मिनिटं पुरतं. म्हणजे एका रात्रीला पाच-सहा कार्डं हवीतच. अनेक घरांत एखादं सोंग पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं असतं. ते नाचवणाऱ्याला ‘दादा, जरा थांबा, कार्ड भरलंय’ असं सांगायची सोय नसते. अशा वेळी घाईघाईत हाताला लागेल ते कार्ड कॅमेऱ्यात घालून ‘फॉरमॅट’ दाबलं जातं, आणि मग लक्षात येतं की त्यात गणपतीचं सोंग होतं. म्हणून कार्डं घरूनच रिकामी करून न्यायची. भरलेल्या कार्डाच्या कडेची बारीक कळ लगेच ‘लॉक’कडे सरकवायची आणि कार्ड डबीत उलटं ठेवायचं. अंधारात टेंभ्याच्या उजेडातही उलटं कार्ड ओळखू येतं.

2. दोन सेकंदांत झालं ते पुसणं नव्हे.

साध्या फॉरमॅटने बहुतेक वेळा कार्डाची फक्त अनुक्रमणिका कोरी होते, चित्रं आत तशीच राहतात. फोटोरेकसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमने ती पुष्कळदा परतही येतात, मात्र मधल्या काळात त्यावर नवं काही लिहिलेलं नसावं. लग्नाचे फोटो गेले म्हणून कोणी धावत आलं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “मामा, आधी कार्ड बाहेर काढा. आता त्यावर एकही फोटो काढायचा नाही.” कॅमेऱ्याने कार्डाला आतून पुसायचा हुकूम दिला असेल, तर मात्र हात टेकावे लागतात.

3. खरं पुसायला वेळ का लागतो, हे एकदा समजून घ्या.

फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर थेट दुसरं लिहिता येत नाही. लिहिणं पानापानाने होतं, पण पुसायचं तर शेकडो पानांचा अख्खा ब्लॉक एकदम पुसावा लागतो. लिहायच्या ऐन वेळी रिकामा ब्लॉक नसला की कार्डातला कंट्रोलर आधी कामाची पानं दुसरीकडे उचलतो, मग ब्लॉक पुसतो, मग लिहितो. तेवढ्यात कॅमेरा दम टाकतो आणि रेकॉर्डिंग बंद पडतं. आपल्याकडे राब भाजायचा तो पावसाआधी, कार्डाचंही तसंच. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत ‘लो लेव्हल फॉरमॅट’ नावाची खूण असते, ती याचसाठी. कार्ड मंदावलंय असं वाटलं की कामाच्या आदल्या दिवशी ती करून घ्यायची.

आता गंमत बघा. पुसताना चिपच्या आत 20 व्होल्टच्या आसपास दाब लावून पेशींत अडकलेले इलेक्ट्रॉन बाहेर ओढले जातात. दाब वाढवला तर काम लवकर होतं, पण पेशीभोवतीचा ऑक्साइडचा पातळ थर तेवढा जास्त झिजतो. झिजलेल्या थरातून पुढे लिहिलेला विद्युतभार हळूहळू गळतो, म्हणजे त्या पेशीत मजकूर कमी काळ टिकतो. चिप बनवणारे घाई आणि टिकाऊपणा यांचा हा मेळ हलक्या-हलक्या धक्क्यांनी पुसून आणि दर वेळी तपासून घालतात. प्रत्येक पेशीत तीन बिट ठेवणाऱ्या चिपा साधारण एक ते तीन हजार वेळा पुसणं सोसतात. लग्नाच्या कार्डाला हे आयुष्यभर पुरेल. दुकानातल्या सीसीटीव्हीचं कार्ड दिवसरात्र स्वतःवरच लिहीत असतं. तिथे साधं स्वस्त कार्ड घालू नका, ‘हाय एन्ड्युरन्स’ मागून घ्या.

4. कार्ड दुसऱ्याच्या हाती द्यायचं असेल तर घाई नको.

एसडी असोसिएशनचा फॉरमॅटर फुकट मिळतो. त्यातला ‘ओव्हरराइट’ पर्याय सगळ्या कार्डावर नव्याने लिहितो. सेकंदाला 30 एमबी या वेगाने 64 जीबीला 35 मिनिटांच्या वर लागतात, लागू द्या. कार्डात कोणाच्या पोरीबाळींचे फोटो असतात, कोणाच्या आधारचे, रेशनकार्डाचे. दर कामाआधी मात्र हे करू नका. वेळही जातो आणि कार्डही झिजतं.

फोनची गोष्ट वेगळी आहे. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये आतला साठा कुलूपबंद लिपीत असतो आणि ‘फॅक्टरी रीसेट’मध्ये त्याची किल्लीच नष्ट होते. म्हणून काम मिनिटांत आटोपतं आणि तरीही पक्कं होतं. फोनमधलं जादा कार्ड तेवढं आठवणीने काढून घ्या.

5. पावसाळ्यात इथली वीज भरवशाची नाही.

कॉम्प्युटरवर पुसणं किंवा कॉपी चालू असेल तर यूपीएस किंवा लॅपटॉपची बॅटरी हवीच. यापुढे बोलायला नको.

6. कार्ड म्हणजे कपाट नव्हे.

कार्यक्रम झाला की कार्ड तसंच लोखंडी पेटीत टाकायची इथे सवय आहे. वर पत्रा, आत वैशाखाचा उकाडा. उष्णतेने विद्युतभार लवकर गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे याच फ्लॅश मेमरीवर चालणारी घरगुती एसएसडी ठरलेलं आयुष्य वापरून झाल्यावर वीज नसताना 30 अंशांत एक वर्ष मजकूर राखेल, एवढीच अपेक्षा असते. नवी, कमी झिजलेली चिप पुष्कळ जास्त टिकते, पण पेटीतलं जुनं कार्ड किती झिजलंय ते वरून दिसत नाही.

तेव्हा ज्यांच्या घरी जुन्या बोहाड्याची, आजोबांच्या तारप्याची, गावातल्या लग्नांची कार्डं पडून असतील, त्यांनी ती याच आठवड्यात बाहेर काढावीत. दोन वेगळ्या ठिकाणी कॉपी करा, दोन्ही कॉपी उघडून शेवटपर्यंत चालवून बघा, आणि मगच कार्ड पुसा.