कॅमशाफ्टचा गिअर सैल झाल्यावर ऑइल एंजिनाची दुरुस्ती

विहिरीवरील डिझेल एंजिन बहुधा पाण्याच्या ऐन पाळीच्या वेळीच बंद पडते, अशी शेतकऱ्यांची तक्रार असते. यात दैवाचा भाग थोडा आणि कामाच्या ताणाचा भाग अधिक आहे. जे एंजिन महिनोन्महिने कधीमधीच चालले, ते या दिवसांत दररोज सात-आठ तास चालू लागते. आणि जो भाग आधीच ढिला झालेला असतो, तो याच वेळी दगा देतो. गव्हाला मुकुटमुळे फुटण्याच्या वेळी, म्हणजे पेरणीनंतर 18 ते 21 दिवसांनी, पाणी मिळाले नाही तर पुढे कितीही पाणी दिले तरी फुटव्यांची उणीव भरून निघत नाही. अशा वेळी एंजिन चार दिवस मिस्त्रीच्या वाटेकडे डोळे लावून बसले, तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चापुरते राहत नाही. म्हणून कॅमशाफ्टचा गिअर सैल होणे हा दोष कसा ओळखावा, त्याची दुरुस्ती कशी करून घ्यावी आणि विशेषतः काय करू नये, याची माहिती प्रत्येक ग्रामसेवकास असणे इष्ट आहे.

चार धावांच्या एंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. यासाठी कॅमशाफ्टवरील गिअरला क्रँकशाफ्टवरील गिअरच्या दुप्पट दाते असतात. झडपा केव्हा उघडावयाच्या, केव्हा मिटावयाच्या, आणि पुष्कळशा एक सिलिंडरच्या एंजिनांत तेलाच्या पंपाने नॉझलकडे तेल केव्हा ढकलावयाचे, हे सारे वेळापत्रक या एका शाफ्टवर अवलंबून असते. गिअर व शाफ्ट यांना एकत्र बांधून ठेवणारी वस्तू मात्र अगदी लहान असते. पोलादाची एक छोटी चावी खाचेत बसविलेली असते आणि पुढून नट आवळून त्याला कुलूप-वॉशर लावलेले असते.

ही चावी सैल का होते? कॅम जेव्हा झडपेला उचलतो तेव्हा स्प्रिंग त्याला विरोध करते. गिअर शाफ्टला ओढून नेत असतो. कॅमचे टोक ओलांडले गेले की तीच स्प्रिंग शाफ्टला पुढे ढकलते. म्हणजे चावीवर एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने दाब पडतो. नट पक्का असेपर्यंत याने काही बिघडत नाही. नट किंचित सैल झाला, वॉशरची पाकळी मुडपावयाची राहिली, किंवा मागील दुरुस्तीत चावी ढिली बसविली गेली, की प्रत्येक दाबाचा घण होतो. मिनिटास 650 फेरे करणाऱ्या एंजिनात कॅमशाफ्टचे 325 फेरे होतात. तासाभरात ते किती घण बसले, याचा हिशेब वाचकांनीच करावा.

या सैलपणाचा परिणाम किती होतो, हे एका उदाहरणाने पाहू. शाफ्टची जाडी 25 मिलिमीटर धरली तर तिचा परीघ सुमारे 78.5 मिलिमीटर होतो. चावी खाचेत अर्धा मिलिमीटर हलत असेल तर कॅमशाफ्ट सुमारे 2.3 अंश मागे पडतो. क्रँकशाफ्ट दुप्पट वेगाने फिरत असल्यामुळे तिच्या हिशेबाने हा उशीर 4.6 अंशांचा होतो. या प्रकारच्या एंजिनांत दट्ट्या वरच्या टोकास पोचण्यापूर्वी साधारणपणे 20 अंशांच्या सुमारास तेल सुटते. नेमका आकडा कारखान्याच्या पुस्तिकेत पाहावा. म्हणजे नखाएवढ्याही नसलेल्या या ढिलाईने तेल सुटण्याच्या आगाऊ वेळेतील जवळजवळ चौथा हिस्सा खाल्ला. मग धूर वाढतो, एंजिन ओढीनासे होते, धुराड्याची नळी नेहमीपेक्षा जास्त तापते आणि तेवढ्याच पाण्याला तेल अधिक लागते. अशा वेळी नॉझल बदलून पाहण्याची पद्धत सर्वत्र आहे. नॉझल नवीन आल्यावरही धूर तसाच राहिला, तर दोष दुसरीकडे शोधावा.

खात्री करून घेण्याचा एक सोपा उपाय आहे. तेल बंद करून, दाब सोडण्याची कळ उचलून, फ्लायव्हील हाताने अगदी सावकाश फिरवावे. ती कळ ज्या झडपेला अडकवून ठेवीत नाही, त्या झडपेच्या दांड्याकडे लक्ष द्यावे. दांडा पूर्ण वर येऊन खाली उतरू लागतो, त्या क्षणी गिअरच्या पेटीतून 'खट्' असा आवाज आल्यास स्प्रिंगने सैल शाफ्टला पुढे फेकले असे समजावे. नंतर पेटीचे झाकण काढावे. एकाने फ्लायव्हील थोडे मागेपुढे हालवावे व दुसऱ्याने शाफ्टच्या टोकाशी गिअरच्या सांध्यावर बोट ठेवावे. दात्यांमध्ये थोडी मोकळीक असावयाचीच. ती दोष नव्हे. परंतु गिअर हलला आणि शाफ्ट तेवढा वेळ स्तब्ध राहिला, तर दोष चावीतच आहे. हे बोट ठेवण्याचे काम एंजिन चालू असताना कोणीही करू नये, हे वेगळे सांगण्याचे कारण नाही; तथापि ते सांगून ठेवलेले बरे.

आवाज मोठा असून एंजिन एकाएकी थांबले असेल, तर हँडल मारून पाहण्याचा मोह आवरावा. चावी पूर्ण तुटली असल्यास दट्ट्या वर येताना झडप उघडी राहून दोघांची टक्कर होते. त्यात दांडा वाकतो, प्रसंगी झडप वाकते, आणि दहा रुपयांच्या चावीचे काम सिलिंडरच्या डोक्यापर्यंत जाते.

आता दुरुस्ती. प्रथम क्रँक-पेटीतील तेल स्वच्छ भांड्यात काढून त्यात लोहचुंबक फिरवावे. लोखंडाचा कीस पुष्कळ निघाला तर दातेही तपासावे लागतील. मग दट्ट्या वरच्या टोकावर आणून गिअरवरील खुणा पाहाव्यात. बहुतेक कारखाने एका गिअरच्या दात्यावर आणि दुसऱ्याच्या दोन दात्यांमधील जागी ठिपके मारतात. खुणा नसतील किंवा झिजल्या असतील, तर गिअर काढण्यापूर्वीच पंचने हलकी खूण करावी. मधे तिसरा गिअर असलेल्या एंजिनात खुणा दर दोन फेऱ्यांनी समोरासमोर येत नाहीत. तेथे त्या पुष्कळ फेऱ्यांनंतर जुळतात, म्हणून गडबडून जाऊ नये. नट काढून गिअर पुलरने ओढावा. हातोडी व छिन्नीने काढलेल्या गिअरचे दाते वाचले तरी शाफ्टचे बेअरिंग वाचेलच असे नाही.

गिअर निघाल्यावर चार जागा पाहाव्यात: चावी, शाफ्टवरील खाच, गिअरमधील खाच आणि गिअरचे भोक. केवळ चावी झिजली असेल तर काम सोपे आहे. नवी चावी चांगल्या पोलादाची असावी. ती खाचेच्या दोन्ही बाजूंना घट्ट लागली पाहिजे आणि वरच्या बाजूस किंचित मोकळी राहिली पाहिजे. कानशीने घासताना एका बाजूनेच घासली तर ती तिरपी बसते व महिनाभरात पुन्हा तोच प्रसंग येतो. खाच रुंदावली असल्यास ती लेथवाल्याकडून नीट मापाने मोठी करून घ्यावी आणि त्या मापाची चावी बसवावी. भोकच मोठे झाले असेल, तर नवा गिअर घेण्यावाचून गत्यंतर नाही.

येथेच आडमार्गाची सूचना होते. कोणी सैल चावीभोवती पत्र्याची पट्टी ठोकतो, कोणी शाफ्टवर पंचने टोचे मारून तो घट्ट करतो, आणि घाई फार असली की गिअर शाफ्टला वेल्डिंगने चिकटवून टाकतात. पट्टी काही दिवसांत चुरगळते. टोच्यांनी गिअर मधोमध बसत नाही. वेल्डिंग सर्वांत वाईट. बिडाचा गिअर तडकतो, शाफ्ट उष्णतेने वाकतो, आणि पुढच्या वेळी दोन्ही भाग एकदमच फेकावे लागतात. पाणी अडले आहे म्हणून हा उपाय मान्य करणाऱ्या शेतकऱ्यास दोष देणे कठीण आहे. त्यापेक्षा शेजारच्या विहिरीवरून एका पाळीपुरते पाणी मिळवून देण्याची खटपट ग्रामसेवकाने करावी. तेवढ्या अवधीत लेथचे काम होऊन जाते.

बसविताना खुणा अचूक जुळवाव्यात. क्रँकच्या गिअरला 24 दाते असतील तर एका दात्याच्या चुकीने 15 अंशांचा फरक पडतो; एंजिन सुरूच होणार नाही, किंवा हँडल उलटे फेकून मनगट मोडेल. खुणांवर पूर्ण विश्वास नसेल, तर दट्ट्या वर असताना दोन्ही झडपांचे दांडे पाहावेत. धूर बाहेर टाकण्याची धाव संपून हवा घेण्याची सुरू होताना एक झडप मिटत असते आणि दुसरी उघडत असते. तेथून फ्लायव्हीलचा बरोबर एक फेरा पुढे गेला की ज्वलनाचे वरचे टोक येते. तेल सुटण्याची वेळ पंपाच्या वरची नळी काढून, फ्लायव्हील सावकाश फिरवीत, छिद्रातील तेल ज्या क्षणी हलते त्यावरून तपासावी. फ्लायव्हीलचा व्यास 60 सेंटिमीटर असेल तर 20 अंश म्हणजे वरच्या खुणेपूर्वी सुमारे साडेदहा सेंटिमीटर परीघ होय. खडूने खूण केल्यास हे काम सुताच्या दोरीनेही मोजता येते.

वॉशर नवाच घालावा आणि त्याची पाकळी नटाच्या सपाट बाजूवर पक्की मुडपावी. नंतर झडपांच्या दांड्यांची मोकळीक पुस्तिकेप्रमाणे ठेवून, फ्लायव्हील हाताने निदान दोन पूर्ण फेरे फिरवावे. कोठेही अडथळा लागला तर जोर न करता पुन्हा खुणा तपासाव्यात. ताजे तेल भरून एंजिन पंधरा मिनिटे पट्ट्याशिवाय चालवावे व पेटीला कान देऊन आवाज ऐकावा. मग पंप जोडावा. पहिल्या दिवसाचे पाणी आटोपल्यावर एंजिन निवू द्यावे, झाकण एकवार उघडावे व नटावर पाना लावून पाहावा.