कॅमेऱ्याचा चोरकप्पा

समजा नवेगावबांध तलावाकाठी 10 मीटरवर बसलेल्या खंड्याचा फोटो काढताय. 300 मिमी लेन्स, ॲपर्चर एफ/5.6. फोकसमध्ये येतो जेमतेम पाव मीटरचा पट्टा. पुढचं गवत स्पष्ट अन् खंड्याचा डोळा धूसर आला, की आपण हाताला दोष देतो. पण दर वेळी हातच दोषी नसतो.

डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळाच, आरशाखाली असतो. प्रकाशाला त्याच्यापर्यंत अन् फोटो टिपणाऱ्या सेन्सरपर्यंत सारखंच अंतर कापावं लागलं पाहिजे. केसभर फरक पडला तरी फोकस कायम पुढे नाहीतर मागे बसतो.

2007 च्या निकॉन डी300 मध्ये हे सुधारायची सोय साध्या मेनूतच होती. 2006 च्या पेंटॅक्स के10डी मध्ये ती सर्व्हिसच्या मेनूत लपवलेली. कार्डावर एक छोटी फाइल टाकली की तो उघडतो. ही लपवालपवी मला पटते, कारण तिथला आकडा सगळ्याच लेन्सना लागू होतो.

म्हणून आधी तपासणी. कॅमेरा ट्रायपॉडवर, ॲपर्चर पूर्ण उघडं. समोर छापील कागद उभा, शेजारी 45 अंशात तिरपी पट्टी. मधल्या पॉइंटने कागदावर फोकस करायचा, दर वेळी रिंग फिरवून तो आधी बिघडवायचा. असे दहा फोटो. चूक कधी पुढे, कधी मागे असेल तर मेनू काही कामाचा नाही. एकाच लेन्सला होत असेल तर मेनूला हातही लावू नका. सगळ्या लेन्सना एकाच बाजूला होत असेल, तरच मूळ आकडा वहीत लिहून एक पायरी बदला, अन् पुन्हा दहा फोटो!