बाग दिवसा, रात्री घरात

प्रश्न : आम्ही दौंडचे. रांजणगाव एमआयडीसीत नोकरी लागली, म्हणून शिरूरमध्ये तळमजल्यावरचा, पुढे थोडी बाग असलेला वन बीएचके भाड्याने बघतोय. सोबत आमची कुत्री आहे. एक सोसायटी सरळ नाही म्हणाली. दुसरीकडे घरमालक म्हणतात, ‘कुत्रं चालेल, पण बाहेर बागेतच बांधायचं.’ कायद्यानं काय करता येईल?
– एक वाचक, दौंड

उत्तर : सोसायटी आणि घरमालक, या दोन वेगळ्या बाबी आहेत. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताच्या ठरावानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. स्वच्छतेची आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ न देण्याची जबाबदारी मात्र तुमची. सचिवांना या सूचनांची प्रत आणि रेबीजच्या लसीची नोंद देऊन लेखी अर्ज करा.

घरमालकावर अशी सक्ती नाही. आपले घर कोणाला द्यायचे, हे तोच ठरवतो. म्हणून टोकन देण्याआधीच कुत्रीचा विषय काढा आणि जे ठरेल ते भाडेकरारात लिहून घ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. बाग फक्त तुमच्या वापराची की सगळ्यांची, कुत्रीने नुकसान केले तर अनामत रकमेतून काय वजा होणार, हेही त्यातच येऊ द्या.

‘बाहेरच बांधा’ ही अट मात्र मान्य करू नका. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो. उसाच्या आडोशाने बिबट्या इथे वस्तीपर्यंत येतो, आणि बांधलेले कुत्रे म्हणजे त्याला आयती शिकार. कुत्र्याच्या ओढीने तो दारात आला, तर धोका माणसांनाही असतो. शिवाय प्राण्याला विनाकारण तासन्‌तास आखूड साखळीने जखडून ठेवणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 च्या कलम 11 नुसार गुन्हा आहे. तेव्हा ‘कुत्री रात्री घरात राहील’ हे वाक्य करारात असायलाच हवे. घरमालकांना हे कारण शांतपणे समजावून सांगा. इथल्या माणसाला बिबट्याचे वेगळे सांगावे लागत नाही.

घर बघायला दुपारी जा. पेव्हर ब्लॉक किती तापतात, सावलीला झाड आहे का, फाटकाखाली फट किती आहे, कुंपणाला लागून ऊस आहे का, हे तेव्हाच कळेल.

घर मिळत नाही म्हणून कुत्रीला कुठे सोडून देऊ नका. त्याच कलमाखाली तोही गुन्हा आहे, आणि आजवर तुमच्या भरवशावर जगलेल्या जिवाला रस्त्यावर निभावणे कठीण जाते. बागेपेक्षा रात्रीचे बंद दार महत्त्वाचे माना. बाग नसलेले पण तिला घरात राहू देणारे घर मिळाले, तर तेच घ्या आणि सकाळ-संध्याकाळ तिला फिरवून आणा.